शून्य पूर्णांक तीन

६ मार्च

ठकू,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. माझे आशीर्वाद तुला चालतील की नाही ते माहीत नाही, म्हणून ती ओळ गाळली.

फोन तू उचलत नाहीस, बरोबर करतेस. तीन वर्षांत मी चार वेळा केला आणि चारही वेळा तू उचलला नाहीस याचं मला आतून बरंच वाटलं. उचलला असतास तर काय बोलायचं ते माझं ठरलेलं नव्हतं. आता ठरलंय, म्हणून आईच्या हाती हे पाठवतोय. पाकिटाला दोन्हीकडून चिकटपट्टी लावली आहे. तरी तिने फोडलंच तर तिला बोलू नकोस, बिचारीची आपल्या दोघांच्या मध्ये कुतरओढ झाली आहे.

मुद्द्याचं सांगतो. तुझ्या छोटीचा कान पुन्हा फुटलाय आणि तोंडातलं पांढरं जात नाही, असं आई परवा म्हणाली. आठ महिन्यांच्या पोरांचं हे चालायचंच, घाबरू नकोस. पण एक तपासणी करून घे. रक्तातलं यूरिक ॲसिड. कुठल्याही लॅबमध्ये होते. आमच्याकडे नको, दुसरीकडे कर. आकडा एकच्या खाली आला तर मुलांच्या डॉक्टरांना म्हणावं, प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजा. आणि पुढच्या महिन्यात गोवराची लस असेल, ती तोवर थांबवायची का तेही त्यांना विचार. ती लस जिवंत विषाणूची असते. धडधाकट पोराला तिचं काही होत नाही, पण ज्याच्या अंगात लढणाऱ्या पेशीच नाहीत त्याला ती लसच आजार होऊन बसते.

याला आज एवढा पुळका कुठून आला, असं म्हणशील. आमच्या हॉस्पिटलात एका पाहुण्या डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान होतं. लॅबच्या लोकांना सक्तीने बसवलं होतं. मी नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, डोळे मिटून ऐकणाऱ्यांपैकी. बाई म्हणाल्या, यूरिक ॲसिड वाढलं की सगळे धावतात, अंगठा सुजतो, पथ्य सांगतात. पण ते फार कमी असलं तर कुणी ढुंकून बघत नाही. आणि मग त्यांनी एका मुलाचं वर्णन केलं. वारंवार न्यूमोनिया. उशिरा बसणं, चालताना पाय ताठ. तोंडात बुरशी. माझे डोळे उघडले ते अजून नीट मिटलेले नाहीत.

तुला तुझ्या भाषेत सांगतो. तू दिवसभर कापड कापतेस, संध्याकाळी चिंध्या गोळा करून टाकतेस. शरीरातही जुन्या पेशी रोज उसवल्या जातात आणि त्यांच्या गाभ्यातल्या धाग्याचे तुकडे निघतात. त्यातल्या एका तुकड्याचं नाव डीऑक्सिग्वानोसिन. नाव लांब आहे, वस्तू साधी आहे, तुझ्यामाझ्या अंगात आत्ता तयार होतेय. एक रसायन ते तुकडे मोडतं आणि शेवटी त्याचं यूरिक ॲसिड होऊन लघवीवाटे जातं. काही पोरांना ते मोडणारं रसायनच जन्मतः नसतं. मग तुकडे आत साठतात आणि सगळ्यात आधी ज्यांचा जीव घेतात त्या नेमक्या आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. बाहेर मात्र कचरा दिसतच नाही, कारण आतला झाडलाच जात नाही. म्हणून आकडा इतका खाली.

हे आईबाप दोघांकडून थोडं थोडं येतं. त्यांना स्वतःला काही होत नाही. दर पोराला चारात एक अशी शक्यता असते. पोर लहान असताना कळलं तर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी देऊन वाचवता येतं.

तुझा थोरला, आपला भुंग्या गेला, त्याच्या वेळी ही तपासणी कुणी केलीच नाही, नाहीतर तेव्हाच लक्षात आलं असतं. कुणाचा दोष नाही गं त्यात.

एवढं कर. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

दादा

१९ मार्च

ठकू,

उत्तर नको म्हटलं होतं आणि तू दिलंस. आईने पाकीट दिलं तेव्हा मी दारातच उघडलं. आत भुंग्याच्या जुन्या रिपोर्टची झेरॉक्स. मागे तुझं अक्षर:

"दादा, ही तपासणी झाली होती. तुमच्याच लॅबमध्ये. खाली तुझी सही आहे. यूरिक ॲसिड ३.०. मी फाइल घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, मोठ्याचं तीन होतं म्हणजे त्याला हा आजार नव्हताच, पोरीला उगाच कशाला टोचता? सासूबाई म्हणाल्या, तुझ्या भावाला आपल्या घरात खोट काढल्याशिवाय झोप येत नाही. पुन्हा असं काही पाठवू नकोस."

मी ते चार वेळा वाचलं. तू फाइल जपून ठेवली असशील हे मला सुचलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तेवढाही उजेड नव्हता.

आता नीट वाच आणि उभी असशील तर बस.

तो तीनाचा आकडा खोटा आहे. मशीनने शून्य पूर्णांक तीन दाखवलं होतं. मी नमुना पुन्हा लावला, पुन्हा तेच आलं. तेव्हा आमच्याकडे मशीनचे आकडे बघून हाताने टाइप करावे लागायचे. मी टाइप करताना टिंब एक घर पुढे सरकवलं. चुकून नाही. बघून सरकवलं.

मागच्या पत्रात "कुणी केलीच नाही" असं लिहिलं तेही खोटं. ते लिहिताना माझा हात थांबला होता आणि मी त्याला पुढे ढकललं.

का केलं ते विचारशील. त्या दिवशी भुंग्याची शीर सापडत नव्हती. मी स्वतः दोन वेळा टोचलं, तिसऱ्यांदा रक्त आलं. तो हमसून हमसून रडत होता. एवढा विचित्र आकडा पाठवला असता तर आमच्या लॅबच्या मॅडमनी नवा नमुना मागवला असता, म्हणजे त्या पोराला पुन्हा टोचायचं. माझ्याच्याने ते बघवलं नसतं. आणि मनाला समजावलं की कमी यूरिक ॲसिडने कुणाचं काय बिघडतंय? आम्हाला शिकवलंच होतं तसं. वरचा आकडा लाल पेनाने, खालचा आकडा गेला उडत.

मामाच्या मायेने केलेली चूक होती, पण चूक होती. तिचे परिणाम काय झाले ते तुला मी सांगायला नको.

या पाकिटात दुसरा कागद आहे. त्यावर खरा आकडा, तारीख, नमुन्याचा क्रमांक आणि मी तो बदलला हे सगळं लिहून सही केली आहे. तो डॉक्टरांना दाखव. पत्र नाही दाखवलंस तरी चालेल, कागद दाखव. आजच्या आज दाखव, ठकू. माझ्यावरचा राग पोरीच्या आड येऊ देऊ नकोस. राग कुठे पळून जात नाही, तो मी इथेच बसून घेईन.

दादा

३० मार्च

ठकू,

तू कागद दाखवलास. आईकडून कळलं की छोटीचं रक्त त्याच दिवशी घेतलं आणि आकडा १.४ आला. ना धड इकडे, ना धड तिकडे. म्हणून ते मोडणारं रसायन अंगात आहे की नाही हे बघायला तिचा आणि तुम्हा दोघांचा नमुना मोठ्या लॅबकडे गेलाय. तीन-साडेतीन आठवडे लागतील म्हणाले. लसही थांबवली. हे तीन आठवडे तू कसे काढणार आहेस ते मला कळत नाही. मी कसे काढणार ते सांगून तुझी सहानुभूती मागणार नाही.

आणि तुझी चिठ्ठी. ती इथे उतरवून काढतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

"तू लिहितोस तो रडत होता. दादा, तो त्या दिवशी रडला नाही. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडं होतं. तिन्ही वेळा टोचलंस आणि त्याने हूं की चूं केलं नाही. त्याच्यात रडायचं बळच नव्हतं. मला ते विसरता येत नाही आणि तू त्याचं रडणं घालून गोष्ट सजवतोस. खरं काय ते लिही, नाहीतर लिहूच नकोस."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात तेव्हा मला ते नाटकी वाटायचं. चिठ्ठी वाचून मी खरोखर फरशीकडे बघत बसलो होतो.

तो रडला नाही. खरं आहे. त्याने माझ्या शर्टाचं बटण धरलं होतं, बस.

आता खरं.

आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी सगळ्यात आधी एक कुपी लावायची असते. तिला कंट्रोल म्हणतात. तिच्यातला आकडा आधीच ठाऊक असतो. मशीनने तोच दाखवला तर मशीन शहाणं, मग पेशंटचे नमुने लावायचे. कुपी गोठवलेली असते, आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावी लागते. त्या सकाळी मी ती काढायला विसरलो. उशिरा आलो, आल्या आल्या चहाला गेलो, गप्पा मारल्या. परत येईपर्यंत चाळीस नमुने रांगेत. मग मी नेहमी करायचो तेच केलं. कंट्रोलच्या तक्त्यावर मनानेच आकडा भरला. अगदी मधल्या रेघेवर नाही, जरा वर, म्हणजे खरा वाटावा. या कामात माझा हात बसलेला होता.

दुपारी भुंग्याचा आकडा आला, शून्य पूर्णांक तीन. दुसऱ्यांदाही तोच. असा आकडा घेऊन मॅडमकडे गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कंट्रोल काय आलं होतं?" मी फ्रीजर उघडून कुपी काढली. मुठीत धरून गरम करत उभा राहिलो. ती आता लावली आणि बरोबर आली, तर भुंग्याचा आकडा खरा, पण कंट्रोल दुपारी का लावलं ते मॅडमना सांगावं लागणार. चुकीची आली, तर सकाळपासूनचे चाळीसही रिपोर्ट चुकीचे, आणि तक्त्यावरची माझी कारागिरी उघडी. दोन्हीकडून माझं गळ्याशी येणार होतं. कुपी विरघळायच्या आत मी ती परत ठेवून दिली आणि जागेवर येऊन टिंब सरकवलं.

मामाची माया वगैरे काही नव्हतं त्यात. माझी कातडी होती. तू बाहेर बाकावर होतीस, तो तुझ्या मांडीवर झोपला होता. मी बाहेर येऊन तुला म्हणालो, "सगळं नॉर्मल आहे, उगाच काळजी करतेस." तू "बरं झालं बाई" म्हणालीस. चेहरा अजून दिसतो मला.

यापुढचं लिहायचं नव्हतं. पण तू विचारलं नाहीस तरी ते तुला विचारायचंच आहे, हे मला माहीत आहे.

त्यानंतर अकरा दिवसांनी मी तुमच्याकडे आलो. भुंग्या दुसऱ्या न्यूमोनियातून नुकताच घरी आला होता. ओट्यावर बाटली होती, तळाशी दुधाची रेघ. मी ती उचलून पुढच्या खोलीत आणली. सासूबाई होत्या, जावईबापू होते, शेजारच्या काकू होत्या. सगळ्यांसमोर तुला म्हणालो, "अशा बाटल्या तोंडात घातल्यावर पोर आजारी नाही पडणार तर काय होईल? साधं उकळून घेता येत नाही तुला?" खाली बघून बाटली माझ्या हातातून घेतलीस.

~~त्या क्षणी माझ्या मनात तो आकडा नव्हता.~~

वरची ओळ मी खोडली आहे. होता. आकडा मनात होता म्हणूनच मला बाटली दिसली. कुणाच्या तरी गळ्यात ते टाकल्याशिवाय मला त्या घरात बसवत नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण आई आपल्याला दोघांनाही सांगायची, पण तिने ती माझ्याकडे बघून सांगायला हवी होती.

त्या दिवसापासून सासूबाईंनी त्याच्या दुधाला तुला हात लावू दिला नाही. पुढचे चार महिने त्याची बाटली त्यांनी उकळली, आणि तरी तो गेला. तरीही सगळे तेच म्हणत राहिले, आधीच पोटात घाण गेली असणार. तुलाही तसंच वाटत आलंय. आई म्हणाली, छोटीचं दूधसुद्धा त्याच करतात आणि तू दारात उभी राहून बघतेस.

ठकू, बाटलीमुळे काही झालं नाही. दुधाची रेघ सगळ्यांच्या घरी असते, तुझ्या वहिनीने धुतलेल्या बाटलीतही असायची, आमची दोन्ही दांडगट झाली. त्याच्या अंगात लढणारं सैन्यच नव्हतं. तू त्याला काचेच्या पेटीत ठेवलं असतंस तरी कुठून ना कुठून ते शिरलं असतं. ही गोष्ट त्या घरात एका माणसाला कळू शकली असती, तर मला. आणि मी बाटली हातात घेऊन उभा होतो.

हे सगळं सासूबाईंना वेगळ्या पत्रात लिहिलंय. आजच टाकलं. त्यात मायेबियेचं काही नाही, आकडा आणि बाटली एवढंच. जावईबापूंनाही वाचायला द्या असं लिहिलंय.

मॅडमनाही लेखी दिलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "अशा किती सकाळी?" मी मोजल्याच नव्हत्या. चौकशी बसली आहे, जुने तक्ते काढलेत, ज्यांना बोलावता येईल त्यांना पुन्हा तपासणीला बोलावतायत. माझं मशीन काढून घेतलं. आता मी खिडकीशी बसून नमुन्यांच्या नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवतो. चौकशी संपल्यावर तेही राहील असं नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. आईकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

दादा

२४ एप्रिल

ठकू,

काल तू फोन केलास. खिडकीशी रांग होती, मी नळ्या तशाच सोडून जिन्यात गेलो. तू म्हणालीस, "दादा, पोरगी ठीक आहे. ते रसायन तिच्यात आमच्याइतकंच, अर्धं आहे, आणि अर्धं पुरतं म्हणाले. भुंग्याला आम्हा दोघांकडूनही खोटच आली असणार, त्याला अर्धंही मिळालं नाही." मागे छोटी कशावर तरी थाडथाड काहीतरी आपटत होती. मग म्हणालीस, "ये बघायला." आणि ठेवलास.

तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. जरा जाड झालाय.

मी आज यायला निघालो होतो. वहिनीने छोटीसाठी झबलं घेऊन ठेवलंय. शर्ट घातला, चप्पल घातली आणि परत येऊन हे लिहायला बसलो. वहिनी म्हणाली, "आता आणखी काय राहिलंय लिहायचं? बहिणीने बोलावलंय तर जा की मुकाट्याने!" तिला नाही, तुला सांगतो.

फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसून रडलो. आनंदाने रडलो, हे खरं आहे, यात काही सजवलेलं नाही. छोटी वाचली. कान फुटणं कान फुटण्यापुरतंच होतं. एक झाडूवाल्या मावशी वरून उतरत होत्या, त्या म्हणाल्या, "काय झालं साहेब, कुणी गेलं का?" मी म्हणालो, नाही मावशी, कुणी नाही गेलं.

मग डोळे पुसून उठलो आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलो असेन. तेवढ्यात मनात आलं: म्हणजे मी बोललो नसतो तरी चाललं असतं.

अगदी याच शब्दांत आलं. पोरगी ठणठणीतच होती. कान बरा झाला असता, लस लागली असती, ती शाळेत गेली असती. मॅडमना कळलं नसतं. मी माझ्या मशीनपाशी असतो. तुला कधी काही समजलं नसतं. मी पायरीवर थांबलो आणि मला हळहळ वाटली, ठकू. हातातली वस्तू उगाच सांडल्यासारखी. एक महिना, नुसता एक महिना दम धरला असता तर, असं मी मोजत होतो.

आणि त्या सगळ्या मोजण्यात तुझी बाटली आली नाही. मी गप्प राहिलो असतो तर तू जन्मभर स्वतःला पोराची मारेकरी समजत दारात उभी राहिली असतीस, हे मला त्या पायरीवर आठवलंसुद्धा नाही. छोटी आठवली, मॅडम आठवल्या, मशीन आठवलं. तू आठवली नाहीस. तू आठवलीस ते रात्रीचं जेवण झाल्यावर, वहिनी ताट उचलायला लागली तेव्हा.

हे न सांगताही मला तुझ्याकडे येता आलं असतं. आलो असतो, छोटीला मांडीवर घेतलं असतं, तू चहा केला असतास. सासूबाईंनी माझ्या पत्रावर "कळवलंत ते बरं झालं, तरी स्वच्छता पाळलेली बरी" असा निरोप दिला म्हणे, आणि अजून दूध त्याच करतात. त्यांच्याशीही मी गोडीने बोललो असतो, तुझी बाजू घेतली असती, आणि सगळ्यांना वाटलं असतं, दादा सुधारला. मलाही वाटलं असतं. पण तू "ये" म्हणालीस ते दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला म्हणाली नव्हतीस. त्याला तू ओळखत नव्हतीस. आता ओळखतेस.

मी कपडे बदललेले नाहीत, घरीच आहे. हे पत्र आई आत्ता घेऊन निघते आहे, तासाभरात तुझ्या हातात पडेल. वाचून झाल्यावरही मी यावं असं वाटत असेल तर तिच्याबरोबर निरोप दे. नसेल तर तिला जेवायला थांबवून घे, म्हणजे ती लवकर परत आली नाही की मी समजेन.

दादा